माडीवरून दिसणारा समुद्र

गेल्या डिसेंबरात चार दिवस गावी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माडीवरच्या गॅलरीत चहा घेऊन बसले होते, समोर सूर्य बुडत होता, पाणी घासलेल्या तांब्याच्या परातीसारखं झालेलं, राहवलं नाही म्हणून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली नुसतं लिहिलं, 'आपल्या माडीवरून'. लगेच हार्ट, नमस्कार, 'आम्हाला कधी बोलावताय' वगैरे सुरू झालं. रात्री जेवून उठले आणि बघितलं तर नाशिकच्या आत्याचा मेसेज. आत्या ८१ वर्षांची, तिला टाइप करायला जमत नाही, ती बोलूनच पाठवते. फोन कानाला लावून ऐकलं. 'फोटो छान आलाय गो. पण आपल्या घरातून समुद्र कधीपासून दिसायला लागला?'

एवढंच बोलली होती.

आत्याला निसर्ग चक्रीवादळाचं माहीत नाही असं नाही. तेव्हा टीव्हीवर बघून ती ढसाढसा रडली होती, काकाला फोन लागेना म्हणून आम्हा सगळ्यांना दिवसातून दहा वेळा फोन करत होती. पण गुडघ्यांमुळे त्यानंतर तिचं गावी येणं झालंच नाही, त्यामुळे तिच्या डोळ्यांपुढचं आगर, म्हणजे घरामागची माड-पोफळीची बाग, अजून तसंच आहे, ती परकर-पोलक्यात होती तेव्हाचं. आणि मी मात्र वादळानंतर सात-आठ वेळा जाऊन आलेय, त्या मोकळ्या पडलेल्या जागेला इतकी सरावलेय की तिच्यासमोर खुर्ची टाकून चहा पिते आणि छान दिसतंय म्हणून फोटो काढते. आत्याच्या एका वाक्याने पुढचे दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. उत्तर द्यायचं तर काय द्यायचं, तारीख तर घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. ३ जून २०२०, दुपार.

दापोलीच्या किनाऱ्यावरची जुनी गावं ज्यांनी बघितलीयत त्यांना ठाऊक असेल, मधून रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, पश्चिमेकडच्या घरांच्या पाठीमागे माड-पोफळीची, म्हणजे नारळी-सुपारीची आगरं आणि आगरं संपली की पुळण, समुद्राकाठची वाळू. मुरुड तसंच, खाली गुहागर तसंच, वर रायगडात दिवेआगरही तसंच. आमचंही. घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. म्हणजे समुद्र दोन-तीनशे पावलांवर, पण तो घरातून कधी दिसायचा नाही, ऐकू यायचा. दिवसभर त्याची गाज चालू असायची आणि ती इतकी सवयीची की पुण्याला परत गेल्यावर पहिल्या रात्री कानात पोकळी झाल्यासारखं वाटून झोप यायची नाही. काकाला तर गाजेवरून सगळं कळतं. वैशाख सरत आला की ओटीवर बसल्या बसल्या मान वाकडी करून ऐकणार आणि म्हणणार, गाज दक्षिणेला सरकली, आता लाकडं आत घ्या. पण समुद्र बघायला म्हणून आमच्यातलं कुणी जायचं नाही. नारळी पौर्णिमेला जायचं, गणपती पोचवायला जायचं, आणि घरात कुणी गेलं की जायचं. आजीचं माहेरही किनाऱ्यावरचंच, ती म्हणायची, 'तो आहे की तिथे, त्याला काय रोज उठून बघायचंय?' अर्थात हे आमच्यासारख्या आगरवाल्यांचं झालं. हर्णैला किंवा पाजपंढरीला जा, तिथे कोळ्यांच्या दारातच समुद्र. त्यांची होड्यांवर नजर, लिलावाची वेळ सांभाळायची, त्यांना पाठ फिरवून कसं चालेल? आम्हाला मात्र समुद्र आणि घर यांच्यामध्ये काहीतरी उभं असलेलं बरं वाटायचं, आणि ते काहीतरी म्हणजे आगर.

ते आगर कसं होतं हे मला नीट सांगता आलं पाहिजे, कारण आता ते ज्यांनी बघितलंय अशी आम्ही घरात सहा-सात माणसं उरलोय. साधारण २२ गुंठे. चारशेच्या वर पोफळी, साठेक माड, मध्ये मध्ये केळी, जायफळाची दोन मोठी झाडं, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली. मागच्या दारातून पाऊल टाकलं की एकदम अंधारून यायचं आणि गार. भर मे महिन्यात दुपारी बाराला तिथे उघड्या पायांनी चालता यायचं. पाटाचं पाणी सोडलेलं असलं की ओल्या मातीचा आणि कुजलेल्या सुपारीच्या सोलांचा आंबूस वास यायचा, पहिल्यांदा येणारा माणूस नाक मुरडायचा, मला अजून तो वास आला की पोटात काहीतरी होतं. वारा सुटला की वर झावळ्यांचा आवाज आणि खाली खोडांचा, पोफळ वाऱ्यात वाकते तेव्हा बारीक करकरते, आणि चारशे पोफळी एकदम करकरल्या की घर उभं आहे की होडीत बसलोय कळायचं नाही. आम्ही पोरं गळून पडलेल्या विरीवर, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर, एकाला बसवायचो आणि दुसऱ्याने झावळीला धरून ओढत न्यायचं, थेट पुळणीपर्यंत. आणि सुपारी पाडायचा दिवस असला की शाळा बुडवायची, कारण पाडेली, सुपारी पाडणारा गडी, एकदा वर चढला की तासभर खाली उतरायचा नाही. शेंड्यावर पोचला की शिपटं, सुपारीचे घड, कापून खाली सोडायचा, मग अंगाने झोके घेत ती पोफळच हलवायला लागायचा, एक झोका, दोन झोके, आणि शेजारची पोफळ हाताशी आली की तिला धरून तिच्यावर. असा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, सगळं आगर हवेतल्या हवेत. आजी खालून 'जपून रे बाबा, जपून' करत राहायची आणि तो वरून हसायचा. आता आगरात जुन्या ३१ पोफळी आहेत. एकमेकींपासून इतक्या लांब की प्रत्येकीसाठी खाली उतरून पुन्हा चढायला लागतं. त्या पाडेल्याचा मुलगा आता महाडला एका कंपनीत आहे.

निसर्ग आलं तेव्हा आम्ही पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेलो. दिवेआगर-श्रीवर्धनकडे ते जमिनीवर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि आम्ही त्याच्या खालच्या अंगाला, पण आमच्यावरही तितकंच आलं. सकाळी साडेदहाला दादाशी बोलणं झालं होतं, म्हणाला वारा वाढलाय, दारं लावून माजघरात बसलोय. त्यानंतर फोन गेला तो गेलाच. लाइट नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं आडवी. पाच दिवसांनी दादा सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर चढून, जिथे एक काडी रेंज मिळत होती तिथून, दोन वाक्यं बोलला.

'घर आहे. आगर नाही.'

पोफळीला फांदी नसते. आंबा मोडला तर खालून फुटतो, फणसही फुटेल, पण पोफळीचा शेंडा मोडला की ती संपली, आणि त्या दिवशी त्या कमरेतून मोडल्या, एकीवर एक. माड मुळासकट उपटून आले. काकाने नंतर सांगितलं, आधी दोन तास वारा एका बाजूने होता, मग फिरला आणि उलटा आला, आणि जी झाडं पहिल्या वाऱ्यात कशीबशी वाकून तगली होती ती दुसऱ्यात गेली. माजघरात बसून त्यांना आवाज येत होता. काका म्हणाला, पहिल्या पहिल्यांदा मोजत होतो, मग सोडून दिलं. पंचनामे झाले, हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर झाली. आमच्याकडे हेक्टर कुणाकडे असतो हो? हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे, म्हणजे आमच्या आगराला ११ हजार, आणि सातबारावर १७ नावं, त्यात आत्याचंही, माझंही. पुढे झाडांच्या हिशोबाने मदत द्यायचं ठरलं, कुणाला मिळाली, कुणाची कागदांत अडकली. नुसती पडलेली झाडं तोडून बाहेर काढायला त्याहून जास्त पैसे गेले. एक पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात आणि आमच्यातल्या काही आजोबांच्या हातच्या होत्या, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मी त्या वर्षी दिवाळीत गेले. काय बघायला लागणार ते माहीत होतं, मनाची तयारी केली होती, तरी मागचं दार उघडलं आणि मला पहिल्यांदा कसला धक्का बसला असेल तर उजेडाचा. आमचं स्वयंपाकघर कायम काळोखं, दिवसा दिवा लावायला लागायचा, तिथे ऊन थेट चुलीपर्यंत आलेलं. भिंतीवरची काजळी दिसत होती, फडताळातली कोळिष्टकं दिसत होती. आणि दारातून समोर, काही आड नाही, समुद्र. चकचकीत, मोठा, आणि जवळ. मी खरं सांगते, क्षणभर तो सुंदर वाटला. मग वहिनीकडे बघितलं तर ती पाठ करून भांडी विसळत होती. हळूहळू बाकीचं लक्षात यायला लागलं. आगर होतं तेव्हा खारा वारा तिथेच गाळून घेतला जायचा, आता तो सरळ घरात. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून सुटून बोटाएवढे झाले, फ्रीजचं दार खालून गंजलं, पत्र्याचे स्क्रू दरवर्षी बदलायला लागतात. रात्री अंगावरची चादर चिकट होते. आणि गाज. गाज आता गाज राहिलीच नाही, लाट फुटल्याचा वेगळा वेगळा आवाज येतो, एकेक. काका म्हणतो, पूर्वी तो लांबून बोलायचा, आता कानात ओरडतो. त्याला आता गाजेवरून पावसाचं सांगता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं आणि उरलेल्यातलंही थोडं घेऊन गेलं.

मग रूम्स आल्या. यात कुणाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. आगराचं उत्पन्न शून्य, पुतण्याचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष, काकूचं आजारपण, आणि त्याच सुमाराला लॉकडाऊनला कंटाळलेली पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून किनाऱ्यावर यायला लागलेली. दादाने माडीवरच्या दोन खोल्यांना टाइल्स घातल्या, मागच्या अंगाला लोखंडी गॅलरी काढली. पुतण्याची फी, काकूचं ऑपरेशन, गोठ्याचं छप्पर, सगळं त्या दोन खोल्यांतून झालंय. म्हणजे ज्या समुद्राने आगर नेलं त्याच्याच दिसण्यावर घर उभं राहिलं, आणि हे वहिनी जितकं जाणते तितकं आम्ही वर्षातून दोनदा येणारे जाणत नाही. मी असताना तिला एक फोन आला. तिकडून विचारलेलं मला ऐकू आलं नाही पण ती म्हणाली, 'हो हो, रूममधूनच दिसतो, मध्ये काहीच नाही.' फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'ताई, त्याच्याशिवाय बुकिंगच होत नाही हो.' मी कुठे काय म्हटलं होतं? पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

'मध्ये काहीच नाही.' हे तिचं शब्द न् शब्द खरं होतं.

ज्या खोलीतून मी तो फोटो काढला ना, तीच आत्याची लहानपणची निजायची खोली. तेव्हा तिथे गॅलरी कुठली, हातभर रुंदीची खिडकी होती आणि त्यातून पोफळींचे शेंडे दिसायचे, चांदण्या रात्री त्यांच्या सावल्या भिंतीवर हलायच्या आणि आत्या भिऊन आजीजवळ जाऊन झोपायची. ही गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलीय.

आता सगळ्या पट्ट्यातच दिसण्याला भाव आलाय. दापोलीवरून खाली उतरायला लागलं की वळणावळणावर बोर्ड, सी व्ह्यू, सी टच, सी फेसिंग, एनए प्लॉट. सड्यावर जिथे पावसाळ्यात तेरडा फुलायचा तिथे चिऱ्याचे गडगे घालून तुकडे पाडलेत. कर्दे-मुरुडला सुट्टीच्या दिवशी पुळणीवर माणसं चालतात की गाड्या असं होतं, डॉल्फिन बघायच्या बोटी सकाळी सातपासून, उंट, घोडे, चारचाकी मोटारसायकली, आणि महिन्यातून एकदा तरी कुणाची तरी गाडी भरतीत रुतते आणि गावातली पोरं दोर लावून काढतात. वेसवीची फेरीबोट, दाभोळची फेरीबोट, यांच्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने माणूस पार खाली जाऊ शकतो, आणि रेवस-रेड्डी सागरी मार्गाचे खाड्यांवरचे पूल पुरे झाले की ती थांबायची जागाही राहणार नाही. मला रस्ता नको असं मी म्हणणार नाही, काकूला रात्री दोनला दापोलीला न्यायला लागलं होतं तेव्हा त्याच रस्त्याने नेलं. पण पुळणीच्या वर जी मर्यादवेल पसरलेली असायची, जांभळ्या फुलांची, तिच्या वरच्या अंगाला भरती सहसा यायची नाही आणि खालच्या अंगाला माणूस काही बांधायचा नाही, ती वेल आता आमच्याकडे गाड्यांच्या चाकांखाली तुकड्या-तुकड्यांनी उरलीय. एवढं चांगलं नाव कुणी कधी दिलं असेल त्या वेलीला.

आत्याच्या मेसेजनंतर झोप लागली नव्हती म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटेच उठून पुळणीवर गेले. अजून अंधारच होता, ओहोटी लागलेली. लांबून टॉर्चचा उजेड डोलत येताना दिसला, गावातलाच पोरगा, बावीस-तेवीसचा, कासवमित्र म्हणून काम करतो. हंगाम सुरू झालेला, रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर चालून कासवीण वर येऊन गेल्याच्या खुणा शोधायच्या, घरटं सापडलं की अंडी कुंपणात नेऊन पुरायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात ती समुद्रात सोडायची. वेळासला २००२ मध्ये हे काम सुरू झालं आणि मग इकडच्या गावांनीही उचललं. त्याने मला माग दाखवला. पाण्यातून निघून सरळ वर आलेला, मध्ये पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांनी वाळू ओढल्यासारखे फटकारे, ओले, ताजे, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. वीस-बावीस पावलं वर येऊन तो माग गोल वळला आणि पुन्हा पाण्याकडे गेला. मी विचारलं, अंडी कुठायत? म्हणाला, 'नाही घातली. आली आणि परत गेली.' का? 'सांगता येत नाही ताई. माणसं असतील, कुत्रं असेल, लाइट असेल.' मग थोडा वेळ पायाने वाळू उकरत राहिला आणि म्हणाला, 'दादांना सांगाल का, गॅलरीतल्या माळा रात्री बंद ठेवायला? मी दोनदा सांगितलं, पण पाहुणे असले की त्यांचाही इलाज नसतो. पूर्वी तुमच्या घराचा उजेड इकडे यायचाच नाही, आगर होतं ना.' मी मागे वळून बघितलं. उघड्या जागेतून आमचं घर सरळ दिसत होतं, गॅलरीच्या कठड्यावर पिवळ्या दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या, आणि पिल्लंसुद्धा अंड्यातून बाहेर आली की जिकडे उजेड तिकडे धावतात हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

मी दादाला सांगितलं. तो चिडला नाही, उठला आणि माळांचा पिन काढून ठेवला. म्हणाला, मी असेन तेव्हा बंद ठेवीन, पाहुणे लावतात, काय करू. त्याचा तो आवाज ऐकून मला वाटलं उगाच सांगितलं, आणि न सांगून चाललं नसतं हेही खरंच.

निघायच्या दिवशी सकाळी काका आगरात दिसला. वादळात तगलेल्या त्या ३१ पोफळींच्या पिकल्या सुपाऱ्या त्याने आळ्यात रुजवल्या होत्या, वाऱ्यापुढे टिकलेल्या झाडांचंच बी हवं म्हणाला, आणि रोपं मोठी करून तिसऱ्या पावसाळ्यात लावली. १४० लावली, ११० जगलीत. काही माझ्या खांद्याला लागतायत, काही डोक्याच्या वर गेलीत. सावलीला केळी लावल्यायत, तरी नैर्ऋत्येकडच्या उन्हाने खोड करपतं म्हणून तो प्रत्येक खोडाला त्या अंगाने झावळी बांधत होता, केळीच्या सोपटाने, दोन वेढे आणि निरगाठ, सैल, म्हणजे झाड वाढलं की काचायला नको. ७८ वर्षांचा आहे, वाकलं की पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो. मी झावळ्या हातात देत राहिले. बरोबर गॅलरीच्या समोरच्या ओळीशी आलो तेव्हा मला माहीत होतं की हीच ती भांडणाची ओळ. दादाचं म्हणणं होतं, बाकी सगळीकडे लाव, पण गॅलरीच्या समोरची आठ-दहा झाडं सोड, तेवढ्याने काय बिघडतंय. यावरून दोघं महिनाभर बोलत नव्हते. काकाने लावलीच. आणि वहिनी, जिला सगळ्यात जास्त त्रास होणार आहे, तीच उन्हाळ्यात संध्याकाळी त्या ओळीला पाणी सोडते, हे मला शेजारणीकडून कळलं.

मी काकाला आत्याचा मेसेज ऐकवला. त्याने फोन कानाशी धरला, बहिणीचा आवाज म्हणून आधी हसला, मग पुन्हा एकदा लाव म्हणाला. दोनदा ऐकलं. फोन माझ्याकडे दिला, गॅलरीकडे बघितलं, मग समोरच्या रोपाच्या शेंड्याकडे, त्याची नवी झावळी अजून मिटलेलीच होती. 'सांग तिला,' म्हणाला, 'यायचं तर लवकर ये. अजून सात-आठ वर्षंच दिसेल.'

मी तिथेच उभं राहून ते तसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवलं. तोपर्यंत पाट भरून वाहायला लागला होता, काका मोटर बंद करायला विहिरीकडे निघाला, आणि मी शेवटची झावळी बांधली, निरगाठ सैल ठेवून.